काळी माती पाणी धरते खूप, पण झाडाला देते किती?

तुमच्या दोन्ही प्रयोगांतले आकडे मला पटले. घोळ आकड्यांत नाही, प्रश्नात आहे.

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. सांगोल्याजवळच्या तुमच्या रानात तीन तऱ्हेची माती आहे: ओढ्याकाठी काळी, मधल्या पट्टीत तांबूस, वर माळाला मुरमाड. कापलेल्या बाटल्यांत प्रत्येकी 1 किलो वाळलेली माती भरून वरून 1 लिटर पाणी ओतलंत आणि खाली गळलेलं मोजलंत. काळीनं 620 मिलि पाणी धरलं, तांबूसनं 400, मुरमाडनं 240. मग कुंड्यांत 2-2 किलो तीच माती घेऊन, प्रत्येकीत 200 मिलि पाणी देऊन मिरचीची रोपं लावलीत, तर काळीतल्या रोपांनी सगळ्यांत आधी माना टाकल्या. तेव्हा तुम्ही विचारता, की बाटलीतलं मोजमाप खोटं की ‘काळी माती पाणी धरते’ हे म्हणणं खोटं?

दोन्ही खरं आहे. मातीनं धरलेलं पाणी आणि झाडाला मिळणारं पाणी या दोन वेगळ्या रकमा आहेत. बँकेत खातं आहे, पण त्यातली किमान शिल्लक काढता येत नाही, तसं समजा. काळ्या मातीच्या खात्यात रक्कम मोठी असते आणि तिची किमान शिल्लकही मोठी असते. मी माती तपासण्याच्या कामात 22 वर्षं काढली, आणि या एका गोष्टीपायी जेवढी गफलत पाहिली तेवढी खतांच्या शिफारशींतही पाहिली नाही.

आपल्याला दोन आकडे हवेत. वरचा आकडा वाफशाचा: भरपूर भिजवल्यावर जास्तीचं पाणी खाली निघून गेलं, मोठ्या पोकळ्यांत हवा आली, बारीक पोकळ्यांत पाणी राहिलं, तो ओलावा. खालचा आकडा कोमेजबिंदूचा: पाणी मातीत असतं, पण कणांना इतकं घट्ट चिकटलेलं की मुळांना ओढता येत नाही. प्रयोगशाळेत वाफशासाठी मातीवर साधारण एक तृतीयांश बार दाब देतात, कोमेजबिंदूसाठी 15 बार (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा). दोहोंमधला फरक म्हणजे झाडाचं पाणी. त्याला मातीची खोली लावली की रानाची खरी टाकी किती मोठी हे कळतं.

आता तुमची कुंडी घ्या. सोलापूरकडच्या भारी काळ्या मातीत कोमेजबिंदू वजनानं 21 टक्क्यांच्या आसपास येतो. उन्हात वाळवून ‘कोरडी’ म्हणता त्या काळ्या मातीतही 8 टक्के ओल शिल्लक असते, ती भट्टीशिवाय निघत नाही. 2 किलोला 200 मिलि म्हणजे त्यात साधारण 11 टक्क्यांची भर. बेरीज 19. कुंडी हाताला ओली लागते, पण रोपाच्या लेखी खातं रिकामंच. तांबूस मातीत वाळल्यावर 3 टक्के ओल, त्यात 10 ची भर, झाले 13. तिचा कोमेजबिंदू 9 च्या आसपास. रोप मजेत. गंमत पुढेच आहे. 20 टक्के ओलाव्याला तांबूस माती ऐन वाफशावर असते आणि त्याच 20 टक्क्यांना काळीतलं झाड सुकतं. म्हणून कुणी ‘माझ्या मातीत 20 टक्के ओलावा आहे’ असं सांगितलं की मी पहिलं विचारतो, कुठल्या मातीत?

बाटलीचं वेगळंच आहे. बाटलीतल्या मातीच्या खाली माती नसते, त्यामुळे पाणी खाली ओढायला काहीच नसतं. तळाचा थर पुरता चिंब झाल्याशिवाय थेंब गळत नाही, आणि गळणं थांबल्यावरही तो चिंबच राहतो. भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरा, गळायचा थांबला की उभा करा; पुन्हा पाणी गळेल. स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची वाढली. रानात खाली फुटा-दोन फुटांची माती पाणी ओढत असते, म्हणून तिथला वाफसा बाटलीतल्या आकड्यापेक्षा कितीतरी खाली येतो. तुमचे 620 मिलि हा ‘पुरती भरलेली माती’ याचा आकडा आहे. कृषी महाविद्यालयात कीनची डबी म्हणून तळाला छिद्रं असलेली छोटी पितळी डबी वापरतात, तीही साधारण हेच मोजते. मातीची ओळख म्हणून ठीक, पाण्याच्या पाळीसाठी उपयोग नाही.

तर मोजायचं कसं? आधी वाफशाचा आकडा, कारण तो रानातच मिळतो आणि त्यासाठी यंत्र लागत नाही.

प्रत्येक पट्टीत एक मीटर लांब-रुंद जागा निवडा, गवत काढा, भोवती वीतभर उंचीचा बांध घाला. पाणी सोडून ती जागा भरा. काळीत आधी भेगांतून पाणी पळून जाईल, मग माती फुगून भेगा मिटतील; तिथं दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा. पाणी जिरलं की प्लास्टिक अंथरा, त्यावर उसाचं पाचट किंवा कडबा टाका, म्हणजे वरून वाफ होऊन जाणार नाही. मग थांबायचं. मुरमाडला दीड-दोन दिवस पुरतात, तांबूसला दोन-तीन, भारी काळीला चार-पाच. नेमका दिवस मी सांगू शकत नाही, ते खालच्या थरावर अवलंबून आहे. ओढ्याकाठी खाली चोपण, म्हणजे पाणी न मुरणारा घट्ट थर असेल तर आठवड्यानंही निचरा पुरा होत नाही. रोज एकदा नमुना घ्या. सलग दोन दिवसांच्या ओलाव्यात फरक नगण्य राहिला की तो वाफसा. हाताची जुनी खूण सोबतीला ठेवा: मूठभर माती दाबून लाडू वळायचा, छातीच्या उंचीवरून सोडायचा. लाडू चपटा झाला तर ओल जास्त, वळलाच नाही तर कमी, वळून पडल्यावर फुटला तर वाफसा. तज्ज्ञ म्हणवणाऱ्यांनी या लाडवाला हसू नये. मी कित्येकदा तो आणि भट्टीतला आकडा ताडून पाहिलाय. काळीत आणि पोयट्यात तो क्वचितच फसवतो, मुरमाडमध्ये मात्र नेहमी फसवतो.

नमुना घ्यायला लोखंडी किंवा स्टीलच्या पाइपचा तुकडा कापून आणा. माझ्याकडचा आतून 7 सेंमी व्यासाचा आणि 7 सेंमी उंच आहे, त्याचं आकारमान 269 घनसेंमी येतं. एक कड कानशीनं बाहेरून घासून धारदार करा आणि आतून गोडेतेलाचा हात फिरवा, म्हणजे माती चिकटत नाही. वर लाकडाचा ठोकळा ठेवून हलक्या हातानं ठोकत पाइप जमिनीत बसवा, भोवतीची माती उकरून काढून घ्या, दोन्ही तोंडं सुरीनं सपाट करा. वरच्या फुटातून एक, दुसऱ्या फुटातून एक, आणि काळीत तिसऱ्या फुटातूनही एक. काळी माती सुकताना आकसते, म्हणून तिचा नमुना वाफशालाच घ्यायचा. वाळलेल्या ढेकळावरून घनता काढली तर ती फुगून येते आणि पुढची सगळी गणितं बिघडतात.

वजन लगेच करा. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा चालेल. मग 105 अंशांवर 24 तास वाळवा. घरात केक भाजायची भट्टी असेल तर ती वापरता येते, पण तिच्या चकतीवरच्या अंशांवर विश्वास ठेवू नका, आत साधा थर्मामीटर ठेवून बघा. दर दोन-तीन तासांनी वजन करा आणि ते घटायचं थांबलं की बस. तव्यावर भाजू नका, सेंद्रिय भाग जळतो आणि ते पाणीच होतं असा हिशेब धरला जातो.

माझ्या वहीतले दोन नमुने तुमच्या मातीच्या जवळचे आहेत. काळी: ओलं वजन 444 ग्रॅम, वाळलेलं 324. पाणी 120 ग्रॅम. भाग द्यायचा तो वाळलेल्या वजनानं, ओल्या नव्हे. ही चूक विद्यार्थीच काय, पदवीधरही करतात. 120 भागिले 324 म्हणजे 37 टक्के. घनता 324 भागिले 269, म्हणजे 1.2. तांबूस: ओलं 453, वाळलेलं 377, पाणी 76 ग्रॅम, म्हणजे 20 टक्के, आणि घनता 1.4.

खालचा आकडा काढणं जास्त मजेचं आहे, पण चिकाटी हवी. 1912 साली अमेरिकेत ब्रिग्ज आणि शांट्झ या दोघांनी कोमेजण्याच्या ओलाव्यावर मोठं काम केलं. एकाच मातीत वेगवेगळी पिकं जवळपास एकाच ओलाव्याला कोमेजतात, असं त्यांना दिसलं. म्हणजे हा आकडा पिकाचा कमी आणि मातीचा जास्त. तेव्हा एका पिकावर काढला तरी चालतो, आणि त्यासाठी सूर्यफूल सगळ्यांत सोयीचं, कारण त्याची पानं लपवाछपवी करत नाहीत. दूध पावडरच्या रिकाम्या डब्यात अर्धा किलो माती घ्या, सूर्यफुलाचं एक रोप वाढवा, पानांच्या तीन जोड्या आल्या की शेवटचं पाणी द्या. मग डब्याचं तोंड प्लास्टिकनं बंद करा, खोडाभोवती कापूस लावा. काही दिवसांनी पानं लोंबतील. दुपारचं लोंबणं खोटं असू शकतं, म्हणून डबा संध्याकाळी ओल्या गोणपाटासकट बादलीखाली झाका. सकाळी पानं ताठ झाली तर अजून पाणी आहे. खालची जोडी सकाळीही लोंबलेलीच राहिली तर तो कोमेजबिंदू; मुळं काढा आणि माती भट्टीत टाका. प्रत्येक मातीचे तीन तरी डबे करा. माझ्या काळीत 21 टक्के आला, तांबूसमध्ये 9.

एवढा खटाटोप नको असेल तर भारी जमिनीत वाफशाच्या निम्म्याहून थोडा जास्त, हलक्यात निम्म्याहून कमी, असा अंदाज धरा. अंदाज तो अंदाजच. पक्का आकडा हवा असेल तर कृषी विद्यापीठाच्या मृदाशास्त्र विभागात दाबपट्टीचं यंत्र असतं, तिथं चौकशी करा. मृदा आरोग्य पत्रिकेत मात्र तो शोधू नका. तिच्यावरच्या 12 घटकांत सामू (pH), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश, गंधक आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं येतात; पाण्याबद्दल एक ओळ नाही.

आता वजाबाकी. काळी: 37 वजा 21 म्हणजे 16, गुणिले घनता 1.2, म्हणजे आकारमानानं 19.2 टक्के. एक मीटर खोल मातीत 192 मिमी पाणी. तांबूस: 20.2 वजा 9, गुणिले 1.4, म्हणजे मीटरला 157 मिमी. पाहिलंत? बाटलीत काळी आणि तांबूस यांत दीडपट फरक होता, इथं तो जेमतेम सव्वापट उरला.

मुरमाडवर थोडं जास्त लिहितो, कारण तिथं मी स्वतः तोंडघशी पडलोय. प्रयोगशाळेत माती 2 मिमीच्या चाळणीतून गाळतात आणि वर राहिलेले खडे टाकून देतात. कामाला लागलो त्या सुरुवातीच्या काळात एका डाळिंबाच्या बागेचा असाच गाळलेला नमुना मी तपासला, मीटरला 150 मिमी असा झकास आकडा काढला आणि चौथ्या दिवशी पाणी द्या असं लिहून दिलं. महिन्याभरात बागाईतदाराचा फोन आला, फुलं गळताहेत. जाऊन खड्डा घेतला तर जवळपास निम्मे खडे. मी गाळणीखालच्या मातीचा हिशेब संपूर्ण जमिनीला लावला होता, आणि टाकलेल्या खड्यांच्या ढिगाकडे बघितलंही नव्हतं. त्यांनी मला चहा पाजला, बोलले काही नाहीत. ते जास्त लागलं.

म्हणून मुरमाडमध्ये पाइप ठोकत बसू नका, खड्यांवर वाकतो. वीतभर खोल चौकोनी खड्डा घ्या, निघालेलं सगळं बादलीत जपून ठेवा, खड्ड्यात पातळ प्लास्टिक अंथरून काठोकाठ पाणी भरा. जेवढे लिटर मावले तेवढं खड्ड्याचं आकारमान. मग माल चाळा, खडे धुवून मोजपात्रातल्या पाण्यात टाका आणि पाणी किती चढलं ते बघा. खडे आकारमानानं 40 टक्के निघाले आणि उरलेली बारीक माती मीटरला 110 मिमी देणारी असली, तर रानाचा आकडा 66. एक सवलत आहे. काळा टणक खडा पाणी जवळजवळ धरतच नाही, पण पिवळसर मऊ मुरूम धरतो आणि मुळं त्यात शिरतातही. मूठभर मुरूम रात्रभर भिजवा, फडक्यानं टिपा, तोला, वाळवून पुन्हा तोला. फरक चांगला आला तर तेवढी माळाची बाजू घ्या.

मग खोली. तुम्ही काळी तीन फूट, तांबूस दीड फूट आणि माळ वीतभराहून थोडा जास्त, असं लिहिलंय. मी 90, 45 आणि 25 सेंमी धरतो. काळीत झाडाचं पाणी 173 मिमी, तांबूसमध्ये 71, माळावर (वरचा 66 चाच आकडा धरून) 16. खरा फरक इथं पडतो. मीटरच्या हिशेबात काळी आणि माळ यांत तिप्पट अंतर होतं, खोली धरल्यावर ते दसपटीच्या वर गेलं. रब्बी ज्वारीच्या वाणांची शिफारस राहुरीचं विद्यापीठ जमिनीच्या खोलीवर करतं ते याचसाठी: हलक्या उथळ जमिनीला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा किंवा जुनी मालदांडी, खोल भारीला फुले वसुधा. पाऊस संपल्यावर पेरलेलं पीक जमिनीतल्या शिलकीवर कणसापर्यंत जायचं असतं, तेव्हा ती शिल्लक किती हे आधी बघावंच लागतं.

पाण्याची पाळी ठरवताना सगळी टाकी रिकामी होऊ देत नाहीत. निम्मं संपलं की पाणी द्यायचं, असा माझा साधारण नियम. भाजीपाल्याला त्याहून लवकर, ज्वारी-हरभऱ्याला थोडं उशिरा चालतं. हिवाळ्यात भरात आलेलं पीक दिवसाला 5 मिमी पाणी उडवतं असं धरलं तर काळीत 17 दिवस निघतात, तांबूसमध्ये 7, माळावर दीड. मुळं त्या खोलीपर्यंत पोचलेली असतील तरच, हे विसरू नका. महिन्याच्या मिरचीच्या रोपाला तीन फुटांखालच्या पाण्याचा काय उपयोग? एका एकरावर 1 मिमी म्हणजे सुमारे 4,000 लिटर. माळावर एका वेळी 8 मिमी, म्हणजे एकरी 32-33 हजार लिटर दिलं की टाकी भरली. त्यापुढचं पाणी मुरमातून खाली, सोबत तुमचा युरिया. तिथं ठिबकनं रोज थोडं हाच मार्ग. काळीत उलट, रोजचं थोडं पाणी वरच्या थरातच अडकतं आणि उन्हानं उडून जातं; तुमच्या कुंडीत झालं तेच मोठ्या प्रमाणावर होतं.

ऑगस्टच्या उघडिपीत 15 मिमीची सर येऊन गेली की हे डोळ्यांनी दिसतं. माळावरची बाजरी दुसऱ्या दिवशी टवटवीत, आणि काळीतलं पीक तसंच मलूल. वाळलेली काळी माती तेवढा पाऊस वरच्या दोन इंचांतच पिऊन टाकते, माळावर तो चार-पाच इंच उतरतो. भरपूर पावसानं काळी एकदा खोलवर भिजली की मात्र बाजी तिचीच.

‘चिकण माती म्हणजे पाणी धरणारी’ हेही सगळीकडे लागू करू नका. कोकणातल्या जांभ्या जमिनीत चिकणमातीचं प्रमाण चांगलं असतं, तरी तिच्यातून पाणी वाळूसारखं उतरतं, कारण लोहाच्या संयुगांनी बारीक कण एकमेकांना बांधून त्यांचे रवे केलेले असतात, आणि त्यातली चिकणमातीही आपल्या काळीसारखी फुगणारी नसते.

तुम्ही स्वस्तातल्या ओलावा-सेन्सरबद्दलही विचारलंय. घ्या, पण तो टक्के दाखवतो त्यावर जाऊ नका. त्याला तुमच्याच मातीत शिकवायला लागतं: वाफशाला तो किती दाखवतो आणि सूर्यफूल कोमेजलं तेव्हा किती, या दोन खुणा करून ठेवा. खारवट मातीत तो ओलावा फुगवून सांगतो. टेन्शिओमीटर, म्हणजे मातीनं पाणी किती जोरानं धरलंय ते काट्यावर दाखवणारी नळी, तांबूस पट्टीत छान चालतो. तो 80 सेंटिबारपर्यंतच वाचतो, आणि काळीत भेग पडून नळीभोवती हवा शिरली की काटा खोटं बोलायला लागतो.

शेवटी शेणखत आणि गाळाचं. शेणखतानं वाफशाचा आकडा वर जातो, पण कोमेजबिंदूही थोडा वर सरकतो, म्हणून जाहिरातीत सांगतात तेवढा लाभ होत नाही. हलक्या जमिनीत तो जास्त, भारीत कमी. तिथं शेणखताचा खरा फायदा पाणी लवकर मुरण्यात आहे. माळासाठी मला गाळ जास्त पटतो. 2017 साली राज्यात तलावांतला गाळ शेतात नेण्याची सरकारी योजना सुरू झाली, तुमच्या भागात काम निघालं असेल तर बघा. काळीसारखा गाळ 10 सेंमी जाडीनं पसरला तर 19 मिमी पाण्याची जागा तयार होते, आणि माळाची आजची सगळी टाकीच 16 मिमीची आहे. एकरी 400 घनमीटर गाळ लागेल, वाहतुकीचा खर्च आधी काढा. ट्रॉली भरण्यापूर्वी त्याच तलावातला डबाभर गाळ आणून सामू आणि क्षारता तपासून घ्या, आणि उरलेल्यात एक सूर्यफूल लावा.